३३ इंची टायर मागवण्याआधी हे वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गाडी लिफ्ट करून (म्हणजे सस्पेन्शन उंच करून बॉडी अ‍ॅक्सलपासून वर उचलून) झाली, आता मूळचे २९ इंची (म्हणजे तेवढ्या व्यासाचे) टायर काढून थेट ३३ इंची चढवायचे आणि क्राऊन-पिनियनला, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या चाकं फिरवणाऱ्या शेवटच्या दातेरी जोडीला, हात लावायचा नाही, असं तू ठरवलंयस. जरा थांब. मी हेच केलं होतं आणि आठ महिन्यांत ते टायर उतरवले, म्हणून सविस्तर लिहितोय.

लिफ्टमुळे मोठ्या चाकाला जागा झाली, पण ते फिरवायला इंजिनाचं बळ वाढलं नाही. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर लांब होतो, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते, पण ओढ कमी पडते. २९ वरून ३३ म्हणजे जवळजवळ १४ टक्के. माझ्या गाडीच्या क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर ३.७३ (चाक एकदा फिरायला पिनियन ३.७३ वेळा फिरतो; आकडा मोठा तेवढी ओढ जास्त), त्या टायरांवर ती ३.२८ असल्यासारखी चालायची. पाचवा गिअर सपाट रस्त्यावरही नीट ओढत नसे, जरा चढ आला की चौथा, मग तिसरा. चढावर थांबून पुन्हा निघताना अर्धा क्लच इतका वेळ धरावा लागे की जळका वास आत यायचा.

तुझी तर ऑटोमॅटिक. ती वरच्या गिअरमध्ये टिकणार नाही, सारखी खाली-वर करेल, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा दुवा) लॉक होणार नाही आणि ती सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात जाईल. मला तुझ्या गाडीची खरी काळजी इथे वाटते.

आणि ब्रेकची. पिकअपबद्दल सगळे बोलतात, ब्रेकबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. पेडल तेवढंच दाबलं तरी मोठ्या चाकावर रोखण्याचा जोर सुमारे १२ टक्के कमी पडतो, त्यात चाकाचं वजन वाढलेलं. एका उतारावर गाडी माझ्या अंदाजाच्या बरीच पुढे जाऊन थांबली. त्याच आठवड्यात मी टायर बदलायचं ठरवलं.

स्पीडोमीटरही फसवतो. आधी तो अचूक असेल, तर काटा १०० वर असताना गाडी ११४ ने धावत असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे मायलेज आहे त्याहून वाईट दिसतं.

एक मात्र कबूल करतो: दगडधोंड्यांत, लो रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या गिअरमध्ये), ताकद कधी कमी पडली नाही. पण तुझी बहुतेक धाव रस्त्यावरच आहे ना?

माझं ऐकशील तर ३१ घे. फरक ७ टक्क्यांचा, तो गाडी सहन करते. डिफरन्शियलखालची (अ‍ॅक्सलवरच्या, क्राऊन-पिनियन असलेल्या फुगीर पेटीखालची) उंची टायरच्या निम्म्यानेच वाढते: ३३ ला २ इंच, ३१ ला १. लिफ्टने तिथे काहीच मिळत नाही. म्हणजे तू सोडतोयस तो फक्त एक इंच. स्टेपनीही त्याच मापाची घे, आणि एक चाक उचलून स्टिअरिंग पूर्ण वळवून कुठे घासतं का ते बघ.

३३ च हवे असतील तर गुणोत्तर ४.२५ च्या आसपास न्यावं लागेल, तेही पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये एकदमच. दोन्हीकडे वेगळं राहिलं तर फोर-व्हील टाकताच दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं.

आता एक कर. डिफरन्शियलवरचा टॅग पुसून वाच. दातांचे आकडे असले तर भागाकार कर. ४१ ला ११ ने भागलं की ३.७३ येतं. तुझं उत्तर ४.१० किंवा त्याहून जास्त आलं तर मला लगेच कळव, मग ३३ चा विचार आपण नव्याने करू.

तुझाच,
मित्र