मिस्त्री अण्णा, कागद आईपुढे ठेवलात त्याबद्दल

अण्णा, नमस्कार.

मोबाईलवर असलं काही तुम्ही वाचत बसत नाही, ठाऊक आहे. नातू वाचून दाखवील तेव्हा चष्मा पुसत म्हणाल, "ह्यात काय एवढं?" बायकोचंही तेच म्हणणं. घराचं काम आत्ता कुठं जोत्यावर आलंय, स्लॅब तरी होऊ द्या, मग काय ते आभार माना. पण मला स्लॅबबद्दल लिहायचंच नाहीये.

आमचा जन्म गेला सोलापुरात अशोक चौकाजवळच्या दोन खोल्यांत, भाड्यानं. आईनं 34 वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. तिच्या सोबतिणींना कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत घरं मिळाली. आमच्या वडिलांनी तेव्हा "एवढ्या लांब कोण जातंय" म्हणून नाव घालू दिलं नाही. ते बोलणं आई अजून विसरलेली नाही. अक्कलकोट रोडच्या बाजूला एक तुकडा घेतला तो तिच्या फंडाच्या पैशातून. बांधकामालाही निम्मे पैसे तिचेच, निम्मं माझं कर्ज.

तुमच्या आधी तीन जण येऊन गेले. पहिल्यानं गाडीवरून न उतरताच दर सांगितला, 1,550 रुपये फूट, मालासहित. कागद मागितला तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं तेवढाच आकडा लिहून दिला. दुसऱ्याचं एसी ऑफिस. घराचं रंगीत चित्र दाखवलं, त्यात आमच्या दारात कधी नव्हती अशी मोटार उभी. कोटेशन चार पानी, पण सिमेंट कुठलं, सळई कुठली, टाइल्स कुठल्या, सगळीकडं एकच उत्तर: 'स्टँडर्ड क्वालिटी'. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात जीएसटी वेगळा. म्हणजे वर आणखी 18 टक्के. एस्टिमेटचे म्हणून दहा हजार घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद. तिसरे तर पाहुण्यांच्या ओळखीतले. आईनं विचारलं, पाण्याची टाकी केवढी? ते माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हातारीला आत बसवा, आपण बोलू."

आई उठून आत गेली. मी काही बोललो नाही. ते माझं मलाच अजून सलतंय.

मग तुम्ही आलात, सायकलवरून, पिशवीत टेप आणि दोनशे पानी वही. प्लॉट आदल्या दिवशीच बघून आला होता. मी खुर्ची दिली, तुम्ही बसला नाहीत. "पैसं कुणाचं हाय?" एवढंच विचारलंत. मी आईकडं बोट दाखवलं. तुम्ही सरळ तिच्या सुपाशेजारी जमिनीवर बैठक मारली, वही माझ्याकडून फिरवून तिच्यापुढं ठेवली आणि एकेक ओळ वाचायला लागलात. तुमची घरची भाषा कानडी, आमची तेलुगू, वहीतली मराठी. मराठीत वाचायचं, मग मोडक्यातोडक्या तेलुगूत समजावायचं, आणि दर ओळीला थांबून "अर्थमैंदा अम्मा?" आई पहिल्यांदा पदराआड हसली. चौथ्या-पाचव्या ओळीला तिनं हातातली विडी खाली ठेवली. अण्णा, माझी आई बोलता बोलता विडी खाली ठेवत नाही. लग्नाच्या बैठकीतसुद्धा ठेवली नव्हती.

तासभर गेला असेल. तुमचा दर 1,780, चौघांत सगळ्यात जास्त. मी आतून खट्टू झालो होतो. तेव्हा तुम्ही पहिल्याचं कार्ड मागून घेतलंत आणि आईलाच विचारलंत, "हा फूट मोजतो कुठनं?" मी फोन लावला. उत्तर आलं, स्लॅबच्या कडेपासून, छज्जे धरून, जिन्यावरची खोलीही धरून. आमचं 620 फुटांचं घर त्याच्या मापानं 745 फूट भरत होतं. टाकी वेगळी, जोत्यातली भरणी वेगळी, लाइट फिटिंग वेगळं. तुम्ही गुणाकार केलात. त्याचे 11,54,750, वर ते सगळं 'वेगळं' बाकीच. तुमचे 11,03,600, त्यात सात हजार लिटरची जमिनीतली टाकी धरून. चार-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात टाकी 'वेगळी' धरणारा माणूस सोलापूरचाच, याचं मला जास्त नवल वाटलं.

आईला मात्र कशाचंच नवल वाटलं नाही. म्हणाली, कारखान्यातबी असंच, भाव हजार विड्यांचा सांगायचा आणि खराब म्हणून मूठ मूठ बाजूला काढायची. मी बी.कॉम. झालोय. फुटाची भानगड मला कळायला अर्धा तास लागला, तिला एक वाक्य पुरलं. तिला आत बसवायला निघाले होते लोक.

तुमच्या वहीतलं शेवटचं पान मी फोटो काढून ठेवलंय. वर मथळा 'यात नाही'. बोअर नाही, कंपाउंड नाही, परवानगीचा खर्च नाही, लाइटचा मीटर नाही. पाया मुरूम लागेपर्यंत, पाच फुटांच्या खाली जावं लागलं तर जादा, आणि त्याचा दर तिथंच लिहिलेला. आमच्याकडची काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवरच पाया ठेवला तर दोन-तीन वर्षांत भिंती बोलायला लागतात. बाकी तिघांच्या कागदात 'माती' हा शब्दच नव्हता. साडेसहा फुटांवर मुरूम लागला तेव्हा तुम्ही दीड फुटाचेच पैसे मागितलेत. आईनं खड्ड्यात काठी घालून बघितली आणि मगच दिले. तुम्हाला राग आला नाही. उलट काठी धरायला तुम्हीच हात दिलात.

सहीच्या वेळी मी खिशातलं पेन काढलं होतं. तुम्ही ते घेऊन आईच्या हातात दिलंत. तिनं तेलुगूत सही केली, फंडाच्या फॉर्मवर करते तशी, हळू, एकेक अक्षर जोडत. तुम्ही शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून बसलात.

हल्ली ती रोज दुपारी शेअर रिक्षानं प्लॉटवर जाते, लिंबाखाली सूप घेऊन बसते. वाचता येत नाही, पण तुमचं कोटेशन तिला ओळीनं पाठ आहे. परवा दहा एमएमची सळई उतरायला लागली तर टेम्पोवाल्याला थांबवलं. आयुष्यभर पत्र्याच्या मापानं पानं कापलेला हात तो. सळई चिमटीत धरून म्हणाली, "कॉलमला बारा लिहिलंय अण्णानं." ती सळई आमची नव्हतीच, शेजारच्या प्लॉटची होती. टेम्पोवाला चुकून आमच्याकडं आला होता.

स्लॅबच्या दिवशी सगळ्या गड्यांना जेवण आमच्याकडं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आईच्या हातचं आंबट वरण. तुम्ही घरी जेवून याल आणि नको म्हणाल, म्हणून तिनं आधीच सांगून ठेवायला लावलंय: उपाशी या.

तुमचा,
अम्मांचा मुलगा