बोअरचं चित्र आणि कागद कमी पडला

प्रिय संज्या,

तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले आणि मी नुसता अंगठा टाकून गप्प बसलो, म्हणून शिव्या घालत असशील. घाल. पण आधी चाचण्या, मग मतदारयादीचं बीएलओचं काम, त्यात जोडीदार मास्तर आजारी, म्हणजे चारही वर्ग माझ्याच गळ्यात. आज रविवार आहे, लाईट गेलीय, म्हणून म्हटलं आता सविस्तरच लिहितो.

तू विचारलं होतंस की माणदेशात पोरांना चित्रकला काय शिकवतोस, ड्रॉइंगचा डी पण येत नाही तुला. खरंय. डीएडला माझी फाईल तूच पूर्ण करून दिलेली, विसरलो नाही मी. पण द्विशिक्षकी शाळेत ड्रॉइंग टीचर कुठला आणायचा, गणित शिकवणारा तोच चित्रकलेचा, तोच कवायतीचा आणि शौचालयाच्या टाकीत पाणी आहे का बघणारा पण तोच. तर शुक्रवारी शेवटचे दोन तास तिसरी-चौथीला चित्रकला, एकूण सतरा पोरं.

पहिली दोन वर्षं मी काय केलं सांगू? फळ्यावर ते आपलं ठरलेलं निसर्गचित्र काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधनं अर्धा सूर्य, नदी वळत वळत खाली, कडेला कौलारू घर, नारळाचं झाड आणि वर भुवयांसारखे पक्षी. मला आमच्या गुरुजींनी हेच शिकवलं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी शिकवलं असणार. सतरा वह्यांत सतरा सारखी चित्रं, मी खाली छान छान लिहून मोकळा.

मग एकदा पोरांना घेऊन व्हरांड्यात बसलो, म्हटलं समोर दिसतंय ते काढा. समोर महादेवाची डोंगररांग, तव्यासारखी सपाट. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेले हे डोंगर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आपणच शिकवतो ना रे हे, आणि तरी फळ्यावर मी आईस्क्रीमचे कोन उलटे ठेवल्यासारखे डोंगर काढत होतो. चौथीतली एक पोरगी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "गुरुजी, ह्या डोंगराला टोकच न्हाय, मग सूर्य कुठनं उगवायचा?" मला हसू पण आलं आणि लाज पण वाटली. दुसऱ्यानं विचारलं, डोंगर हिरवा रंगवायचा का जसा आहे तसा. एप्रिल होता, डोंगर पार करपलेला. म्हटलं जसा आहे तसा. तर त्याच्या तेलखडूच्या डबीतला तपकिरी आधीच संपलेला. मेंढ्या काढून काढून.

रंग हा वेगळाच विषय आहे. बारा रंगांची डबी सगळ्यांकडे नसते, असली तर काळा आणि हिरवा जूनमध्येच संपतो आणि पांढरा वर्षभर नवाकोरा. मग आम्ही घरचे रंग करायला लागलो. गेरू, हळद, चुलीतला कोळसा, पालकाचा रस. एक पोरगं आजोबांच्या तंबाखूच्या डबीतला चुना घेऊन आलं, मी हळदीच्या पाण्यात चिमूटभर टाकला तर पिवळ्याचं भडक लाल! पोरं अशी ओरडली की शेजारच्या रानातला माणूस काम टाकून कुंपणापाशी आला. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट निळा येतो, त्यावर लिंबू पिळलं की गुलाबी होतो. बाभळीची काडी चावून ब्रश, कागद म्हणजे लग्नपत्रिकेची कोरी बाजू आणि निवडणुकीच्या कामातले उरलेले एकतर्फी फॉर्म (हे कुणाला सांगू नकोस). दुसऱ्या दिवशी आजोबा मात्र शाळेत हजर, "मास्तर, माझी डबी?"

आता खरं सांगायचंय ते सांगतो. तिसरीत एक पोरगा आहे, अबोल, मेंढ्यांमागे जातो त्यामुळे दांड्या पण खूप. विषय दिला होता "आमच्या घरी काय झालं". त्यानं बोअर काढली. वर बोअरची गाडी, बाप, आई उदबत्ती घेऊन, आणि जमिनीतलं पाणी शोधणारा पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून चाललाय. आमच्या गावात नारळाचं एक झाड नाही, नारळ दिसतो तो असाच. मग खाली माती, त्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, सगळे थर वेगवेगळे, आणि मधनं सरळ खाली जाणारं भोक. कागद संपला. मी शेजारी उभा होतो, मला राहवलं नाही, म्हटलं आता खाली निळं पाणी दाखव, मस्त दिसेल, आणि त्याच्या हातातनं खडू घेऊन मीच तळाला निळा पट्टा ओढला. शाबासकी पण दिली वर.

तो काही बोलला नाही. मी पलीकडच्या रांगेत जाऊन परत आलो तर त्यानं माझं पाणी काळ्या खडूनं दाबून दाबून झाकून टाकलेलं. आणि दुपारच्या भाताची शितं लावून खाली दुसरा कागद चिकटवत होता. मग तिसरा, मग चौथा. सगळा काळा, वर तो कधीच कुणी न वापरलेला पांढरा खडू घासलेला. म्हटलं हे काय रे? तर म्हणाला, "फुफाटा. साडेपाचशे फूट गेलं गुरुजी, पाणी न्हाय लागलं."

संज्या, मला काय बोलावं सुचेना. नुसता उभा राहिलो त्याच्यापाशी, घंटा होईपर्यंत.

घरी येऊन डीएडच्या नोट्स काढल्या. त्यात तो पोरांच्या चित्रांचा अभ्यास करणारा लोवेनफेल्ड आहे बघ, ऑस्ट्रियातनं अमेरिकेत गेलेला, त्याचं १९४७ चं पुस्तक. सात ते नऊ वर्षांची पोरं जमिनीची रेघ मारतात, घराच्या आतलं-बाहेरचं एकदम दाखवतात, आपण ते पाच मार्कांसाठी पाठ केलेलं. छापील चित्रात रंग भरायच्या पुस्तकांवर पण त्याचा राग होता. मी तर पुस्तक पण नाही, थेट पोराच्या हातातला खडूच काढून घेतला. आता तासाला मी दोन्ही हात मागे बांधून फिरतो. हसू नकोस, खरंच. पोरं म्हणतात गुरुजी पाठ दुखतीय का.

तुझं तिकडं हायस्कुलात बरंय म्हणा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा, स्मरणचित्र, संकल्पचित्र, ए ग्रेडला दहावीत सात मार्क, पालक पण खूश. मी त्याला नावं ठेवत नाही, तुझ्या पोरांचा हात किती साफ असतो मी बघितलंय. पण एक विचारायचंय. माझी चौथीची पोरं पुढे तुझ्यासारख्या सरांकडे जाणार, तेव्हा ह्यांनी सपाट डोंगर काढला तर चालेल ना रे? की स्मरणचित्रात टोकच लागतं? मनापासून विचारतोय, टोमणा नाही.

ते बोअरचं चित्र बोर्डावर बसेना. घडी घालायला गेलो तर पोरगा म्हणाला, मग पाणी लागलं न्हाय ते कसं दिसणार. म्हणून पत्र्याच्या अँगलला सुतळी बांधून वरनं सोडलंय, तरी शेवटचा कागद फरशीवर येतो आणि झाडताना रोज उचलून धरावा लागतो.

तुझ्या भावाच्या प्रेसमध्ये कागदाच्या रोलचे शेवटचे तुकडे उरतात ना, ते रद्दीत जायच्या आत माझ्यासाठी ठेवायला सांग. जितके लांब असतील तितके बरे. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये, आणि दोन दिवस राहायच्या हिशेबानं ये, वहिनींना पण आण. आई विचारत होती.

तुझा,
बाळ्या