मागच्या वर्षीचा हिशेब आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळ्या वर्तमानपत्रांत एक आकडा ठळक छापून येतो. २०२२-२३ मध्ये तो ४५,९४९ कोटी रुपये होता, २०२३-२४ मध्ये ५२,६१९ कोटी, २०२४-२५ मध्ये ५९,९५४ कोटी आणि २०२५-२६ मध्ये ७४,४२७ कोटी. 'काही राज्यांपेक्षाही मोठा अर्थसंकल्प' ही ओळ त्याखाली ठरलेली. हे सगळे आकडे येत्या वर्षात काय करायचे ठरवले आहे त्याचे आहेत. मागच्या वर्षी ठरवलेल्यांपैकी किती झाले, कोणत्या विभागात झाले, जे झाले नाही ते का अडले, हे मुंबईकराला समजेल अशा भाषेत कोणीच सांगत नाही. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

ठरवणे आणि करणे यांत केवढे अंतर पडू शकते, हे पालिकेनेच एकदा उघड केले होते. २०१६-१७ चा अर्थसंकल्प ३७,०५२ कोटींचा होता. तत्कालीन आयुक्त अजोय मेहता यांनी पुढच्या वर्षी तो २५,१४१ कोटींवर आणला. शहराची कामे काही एका वर्षात एक तृतीयांशाने घटली नव्हती. ज्या तरतुदी दरवर्षी मांडल्या जात आणि खर्चाविना पडून राहत, त्या काढून टाकल्या, एवढेच. तो निर्णय मला आजही धाडसाचा वाटतो, कारण लहान आकड्याला टाळ्या मिळत नाहीत. त्यानंतर आकडा पुन्हा चढत गेला आणि २०२५-२६ मध्ये तो या २५,१४१ कोटींच्या जवळपास तिप्पट झाला.

ही सगळी वाढ फुगवलेली आहे, असे माझे म्हणणे नाही. सागरी किनारा मार्ग, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, सांडपाणी प्रक्रिया केंद्रे ही खरी आणि अफाट खर्चाची कामे आहेत. २०२५-२६ मध्ये एकूण तरतुदीपैकी ४३ हजार कोटींहून अधिक, म्हणजे ५८ टक्के रक्कम भांडवली, म्हणजे अशा कायमस्वरूपी उभारणीच्या कामांसाठी होती. पण म्हणूनच तर हिशेब हवा. पगार, निवृत्तिवेतन, विजेची बिले हा खर्च ठरल्याप्रमाणे होतच असतो. भांडवली कामाचे तसे नसते. निविदा लांबते, झाडे तोडायची परवानगी येत नाही, प्रकल्पबाधितांना घरे मिळत नाहीत, कोणी न्यायालयात जाते, कंत्राटदार काम सोडतो. यातले काहीही एक घडले की तरतूद तशीच राहते.

रस्त्यांचेच बघा. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ३९७ किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाच्या कामाचे आदेश निघाले. मुंबई शहर भागातल्या कंत्राटदाराने कामच सुरू केले नाही, म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे कंत्राट रद्द झाले आणि निविदा नव्याने काढावी लागली. कुलाबा, गिरगाव, परळ, दादर इथल्या लोकांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात आपल्या रस्त्यांसाठी पैसे ठेवल्याचे वाचले होते. ते पैसे त्या वर्षी वापरले गेले का, दुसऱ्या कामाकडे वळवले का, पुढच्या वर्षीच्या तरतुदीत तेच पुन्हा धरले का, याची कोणी सरळ माहिती दिली? कंत्राट रद्द झाल्याची बातमी आली, पण त्यामागचा पैशांचा प्रवास कुणी सांगितला नाही.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत हे काहीच नसते असे नव्हे. ती पालिकेच्या संकेतस्थळावर ठेवलेली असतात. एकेका लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या बाबीपुढे, मूळ अंदाज, सुधारित (वर्ष चालू असताना बदललेला) अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे रकाने असतात. मेख अशी की फेब्रुवारीत चालू वर्ष संपलेले नसते, त्यामुळे त्या वर्षाचा फक्त सुधारित अंदाज दिला जातो. प्रत्यक्ष खर्च छापून येतो तो पुढच्या फेब्रुवारीत, तोही शेकडो पानांच्या पोटात, आणि तोवर सगळ्यांचे डोळे नव्या मोठ्या आकड्याकडे लागलेले असतात. आयुक्तांचे भाषण मराठीत असते, ते वाचनीयही असते; पण त्यात नव्या योजना जितक्या तपशिलाने येतात, तितक्या तपशिलाने जुन्या अपुऱ्या कामांची कारणे येत नाहीत.

सुधारित अंदाजामुळे वाचकाची गफलत कशी होते, तेही सांगायला हवे. २०२५-२६ चा अर्थसंकल्प आधीच्या वर्षापेक्षा १४ टक्क्यांनी मोठा असल्याचे सगळीकडे छापून आले. ही तुलना २०२४-२५ च्या ६५,१८० कोटींच्या सुधारित अंदाजाशी होती. त्याच वर्षीच्या मूळ ५९,९५४ कोटींशी तुलना केली तर वाढ २४ टक्क्यांची होते. दोन्ही गणिते बरोबर आहेत. मात्र मधल्या काळात पाच हजार कोटींहून जास्त रक्कम कशासाठी वाढली, ते सांगितल्याशिवाय यातल्या कुठल्याच टक्केवारीतून सामान्य माणसाला काही बोध होत नाही.

आता खालच्या टोकाला काय होते ते सांगते. आमच्या वस्तीलगत एक नाला आहे. त्याची संरक्षक भिंत एका बाजूने खचली आहे, आणि जोराचा पाऊस आला की तळमजल्यावरची माणसे सामान माळ्यावर चढवून बसतात. त्या भिंतीसाठी यंदा पैसे आहेत का, एवढेच विचारायला मी पालिकेच्या विभाग (वॉर्ड) कार्यालयात गेले होते. तिथल्या अभियंत्यांनी नीट ऐकून घेतले आणि सांगितले की विभागाकडे मुख्यतः देखभालीचा पैसा असतो, भिंतीचे काम पर्जन्य जलवाहिन्यांच्या मुख्य खात्याकडे जाते. त्या खात्यात कळले की परिसरातल्या नाल्यांसाठी एकत्रित तरतूद आहे, पण त्यात ही भिंत धरली आहे की नाही ते निविदेचे अंदाजपत्रक झाल्यावरच समजेल. मार्च उलटला. भिंत तशीच आहे. त्या एकत्रित रकमेचे काय झाले, हे मला कळायला माहिती अधिकाराचा अर्ज करण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही. कोणी माझ्याशी उद्धटपणे बोलले नाही, कोणी पैसेही मागितले नाहीत. माणसे चांगली होती; माझ्या प्रश्नाचे उत्तर एका जागी मिळेल अशी सोयच नव्हती.

माझ्याकडे आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराचे काम आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही आधी गेल्या वर्षाचा जमाखर्च वाचतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला अमुक रक्कम मंजूर होती, त्यातली एवढी खर्च झाली, उरलेली का राहिली, हे सांगितल्याशिवाय सभासद पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाला हात लावू देत नाहीत. चाळीस बिऱ्हाडांना जो हक्क आहे, तो सव्वा कोटी लोकांच्या शहराला का असू नये?

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये हे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या यंत्रणांना दिलेली तरतूद, योजनांचा तपशील, प्रस्तावित खर्च आणि प्रत्यक्ष वाटप झालेल्या रकमांचे अहवाल, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, स्वतःहून प्रसिद्ध करायचे आहेत. तेव्हा मी काही मेहेरबानी मागत नाही.

पैसा कोणाचा आहे, हेही लोकांना समजले पाहिजे. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला आणि शहरात येणाऱ्या मालावरची जकात गेली. तेव्हापासून राज्य सरकारकडून येणारी भरपाई हा पालिकेचा सर्वांत मोठा आधार आहे. २०२५-२६ मध्ये ती १४,३९८ कोटी धरली होती. बांधकामांशी संबंधित शुल्क घेणाऱ्या विकास नियोजन खात्याकडून ९,७०० कोटी, मालमत्ता करातून ५,२०० कोटी. म्हणजे इमारती उभ्या राहण्याच्या वेगावर शहराचे बरेचसे उत्पन्न अवलंबून आहे, आणि बांधकाम व्यवसाय मंदावला तर काय करायचे याचे उत्तर अर्थसंकल्प समजावून सांगणाऱ्याने दिले पाहिजे. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, ते योग्यच झाले. पण त्यामुळे अनेकांची अशी समजूत झाली आहे की आपण कर भरत नाही, तर विचारायचा अधिकार कुठला. दुकानातल्या बहुतेक खरेदीवर आपण जो कर देतो, त्यातूनच राज्य ही भरपाई देते.

ठेवींचेही तसेच. पालिकेचे बँकांत ८० हजार कोटींहून अधिक रुपये असल्याचे वाचले की एक बाजू म्हणते, वापरा. दुसरी म्हणते, हात लावू नका. त्यांतला बराच भाग कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमांचा आहे, त्याला हात लावताच येत नाही. उरलेला मोठ्या प्रकल्पांसाठी राखून ठेवलेला आहे. हाती घेतलेल्या कामांचे देणे दोन लाख कोटींच्या पुढे गेले आहे. हे तीन वाक्यांत सांगता येण्यासारखे आहे, तरी वाद दरवर्षी पहिल्यापासून सुरू होतो.

मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत मुंबईला नगरसेवकच नव्हते. त्या काळात अतिरिक्त आयुक्त अर्थसंकल्प मांडत आणि आयुक्तच प्रशासक म्हणून तो मंजूर करत. त्या काळात नागरिकांकडून सूचना मागवल्या जात, ती पद्धत चांगली आहे आणि नगरसेवक आले म्हणून बंद पडू नये. मात्र पाठवलेल्या सूचनेचे पुढे काय झाले ते कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी लिहायला हात उचलत नाही. पुण्यात २००६-०७ पासून नागरिक आपल्या प्रभागातली छोटी कामे अंदाजपत्रकासाठी सुचवतात. त्या उपक्रमातही उणिवा असतील, पण पदपथ किंवा बसथांबा सुचवणाऱ्याला आपले काम यादीत आले की नाही हे निदान शोधता येते.

आता २२७ नगरसेवक पुन्हा सभागृहात आहेत, स्थायी समितीत अर्थसंकल्पावर चर्चा होऊ शकते. माझी त्यांना आणि आयुक्तांना मागणी अशी आहे. प्रत्येक विभागासाठी एक छोटी मराठी पत्रिका काढा. त्या विभागात होणारे प्रत्येक भांडवली काम, मग ते कोणत्याही मुख्य खात्याचे असो, त्यात एकत्र यावे. कामापुढे मागच्या वर्षीची तरतूद, ३१ मार्चपर्यंत झालेला खर्च, काम अडले असल्यास एका ओळीत कारण, आणि जबाबदार खात्याचे नाव असावे. ती एप्रिल-मे महिन्यात, पावसाआधी, विभाग कार्यालयाच्या दर्शनी भागात आणि प्रत्येक प्रभागातल्या पालिका शाळेच्या फलकावर लावावी. प्रभाग समितीच्या बैठकीत ती वाचली जावी आणि त्या बैठकीला नागरिकांना बसू द्यावे. यासाठी नवा निधी लागत नाही. आकडे पालिकेच्या लेखा विभागात आहेतच.

आणि आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. पुढच्या फेब्रुवारीत पहिल्या पानावर नवा आकडा जेवढ्या टायपात छापाल, तेवढ्याच टायपात त्याच्या शेजारी प्रत्यक्ष खर्चाचा शेवटचा उपलब्ध आकडाही छापा.

आपली,
एक वाचक, मुंबई