बाबांना पुन्हा चालतं करणाऱ्यांचे आभार

बाबांच्या बायपासनंतर ज्यांनी त्यांना उभं केलं, त्यांतल्या बऱ्याच जणांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यांत आधी फिजिओथेरपीच्या ताई. छातीचं हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर जड पिशवी उचलायची नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, हे त्यांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगितलं. बाबांना खरी भीती दम लागण्याची. थोडी धाप लागली की ते मटकन खाली बसायचे. ताईंनी त्यांना ६ ते २० आकड्यांची बोर्ग मोजपट्टी दिली, किती कष्ट पडतायत ते आकड्यात सांगायला. "काका, चालताना माझ्याशी बोलता येतंय ना? मग चाला." त्या एका वाक्यानं भीती गेली. औषधांइतकंच मोल मी त्याला देते.

आहार सांगणाऱ्या मॅडमनी कडक भाकरी ठेवली, शेंगाचटणीही चमचाभर, कमी मिठाची. सोलापूरच्या माणसाला हे किती मोठं!

खड्डे चुकवत सावकाश नेणारे रिक्षावाले मामा, आणि सिद्धेश्वर तलावाकाठी स्वतःच्या छातीवरचा व्रण दाखवून बाबांना धीर देणारे अनोळखी आजोबा, तुमचेही मनापासून आभार.

बाबांची तंबाखू सुटली आहे. गोळ्या वेळेवर चालू आहेत, आणि परवा ते न थांबता आमचा जिना चढले.