रेडिओ थोडे दिवस माझ्याकडेच राहू दे

टिळकवाडी, बेळगाव

ति. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणून ठेवून दिलात, म्हणून लिहूनच कळवते. जांबोटीहून आपला जुना व्हॉल्वचा रेडिओ उचलून आणला तो तुमच्या कसबावर शंका आहे म्हणून नव्हे. त्याच्या पोटात अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळतात, प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो, आणि तुमच्या उजव्या हाताचा कंप आत्ता कुठे आटोक्यात येतोय. मीटरचा प्रोब जरा घसरला की काय होतं ते तुम्हीच मला शिकवलंय. तेवढंच कारण. भंगाराचं कुणी बोललं असेल तर ते मनातून काढून टाका. तो घरातून कुठेही जाणार नाही.

तुमचं म्हणणं होतं की ईएल ८४, म्हणजे स्पीकरला जोर देणारा शेवटचा व्हॉल्व, गेला. व्हॉल्व ठणठणीत आहे. वरच्या टोकाचा रुपेरी थर अजून आरशासारखा आहे. आत हवा शिरली असती तर तो पांढराफटक पडला असता. कॅथोडवर मात्र ११ व्होल्ट मिळाले. १३५ ओहमच्या रेझिस्टन्सवर ते जेमतेम ७ हवेत. ११ म्हणजे ८० मिलिअँपिअरच्या वर करंट, आणि या व्हॉल्वची मर्यादा ६५ ची. मग व्हॉल्व काढून सॉकेटची २ नंबरची, म्हणजे ग्रिडची पिन मोजली. तिथे शून्य हवं, तरीही ४ व्होल्ट होते. म्हणजे दोष व्हॉल्वचा नाही, आधीच्या ईबीसी ८१ व्हॉल्वकडून आवाजाचा सिग्नल पुढे देणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर गळतोय, त्यातून डीसी पुढे झिरपतंय. मेणात बुडवलेला कागदीच तो, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. नवा व्हॉल्व घालून तसाच चालवला असता तर तोही गेला असता आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार जळली असती. व्हॉल्व शोधला तर मिळतो, तो ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. म्हणून बाबा, सगळे कागदी कंडेन्सर बदलायचं मी ठरवलं आणि बदललेही. ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर घातलेत. ‘मूळचं मूळचं राहू दे’ हे तुमचं वाक्य विसरले नाही. काढलेला प्रत्येक कंडेन्सर जागेची चिठ्ठी लावून डब्यात ठेवलाय.

फिल्टरच्या ५०+५० मायक्रोफॅरड कंडेन्सरचा मोठा डबा वर जागेवरच आहे, फक्त त्याचं कनेक्शन तोडलं. तळाशी पांढरी पूड आली होती, त्याला हळूहळू व्होल्टेज चढवून जागं करण्यात अर्थ नव्हता. खाली चॅसिसमध्ये ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन बसवले. मोठे का नाही घातले, हे तुम्ही विचारणारच. एसीचं डीसी करणाऱ्या ईझेड ८० व्हॉल्वला पहिला कंडेन्सर ५० च्या वर चालत नाही, चालू होतानाच त्याच्यावर ताण येतो. फिल्टरला समांतर २२० किलोओहमचा रेझिस्टन्सही टाकलाय, त्यामुळे बंद केल्यावर दोन मिनिटांत चार्ज उतरतो. तरीही मागचं झाकण उघडायचं नाही.

पहिला करंट ६० वॅटचा बल्ब सिरीजला लावूनच दिला, तुमच्याच पद्धतीने. बल्ब उजळला आणि लगेच मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. २२० किलोओहमचे दोन रेझिस्टन्स वाढून तीनशेच्या पुढे गेले होते, तेही बदलले. आयएफच्या, म्हणजे स्टेशन नेमकं पकडणाऱ्या मधल्या टप्प्याच्या कॉइलच्या गाभ्यांना हात लावलेला नाही. जुन्या मेणात ते घट्ट बसलेत, जोर केला तर तुटतील, आणि धारवाड स्टेशनच्या ७६५ किलोहर्ट्झवर काटा बरोबर येतोय. उगाच कशाला छेडायचं! आवाजाच्या बटणाची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन थेंबांनी गेली. व्हॉल्ववरची अक्षरं बोटानेही पुसली जातात, म्हणून काचा फक्त कोरड्या ब्रशने झटकल्या. मागच्या पुठ्ठ्यावर तुमच्या पेन्सिलीतल्या तारखा आहेत, त्या जशाच्या तशा. तिथे माझ्या उंचीची एक रेघही आहे हो. ती बघितल्यावर बराच वेळ पुढचं काम सुचलं नाही.

आई, तुझ्या सकाळच्या बातम्यांची सोय केली आहे. उशाशी ठेवलेल्या ट्रान्झिस्टरवर धारवाडच्या जागी लाल ठिपका काढलाय, तिथून हलवू नकोस. जादा सेल फडताळात, हळदीच्या डब्याच्या मागे. खरखर आली तर आधी सोप्यातला एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद करून बघ, बहुतेक वेळा तेच कारण असतं. आणि बाबा चिडले तर त्यांना त्यांचा चहा दे, साखर अर्धा चमचाच.

आता माझं ऐका. रेडिओ परत आला की तो तीन पिनांच्या प्लगवरच लावायचा. चॅसिसला अर्थिंग जोडलंय. पावसात आपली फरशी ओली असते, दोन पिनांचा प्लग परत बसवायचा नाही. रात्री वीज चढते म्हणून व्होल्टेजची कळ २५० वर ठेवली आहे, ती २२० वर आणू नका, नाहीतर फिलामेंट जास्त तापतील. इन्व्हर्टरवर चालवायचा नाही, आपला तो स्क्वेअर वेव्हचा आहे, ट्रान्सफॉर्मर तापतो. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. वळवाचं आभाळ आलं की प्लगही काढायचा आणि एरियलची तारही. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास लावा, आतली ओल निघून जाते. वास आला, गुणगुण वाढली, तर लगेच बंद करून मला फोन करायचा. स्क्रू ड्रायव्हर मी नेलाय, शेजारून मागून आणू नका.

बाबा, रागावला असाल तर रागवा, पण गोळ्या चुकवू नका. डायलची दोरी तेवढी नवी घालायची राहिली आहे. पुलीवर कशी गुंडाळायची त्याचं चित्र तुमच्या वहीत आहे. रविवारी फोन करते तेव्हा वही घेऊन बसा, कुठून कुठे किती वेढे ते तुम्ही सांगा, मी इकडे तसं घालते.

तुमची,
चिमी