रॅटलस्नेकच्या वाळवंटात तारे टिपणाऱ्या लेकीस

रत्नागिरी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आकाशगंगेचा फोटो बाबांनी मोठा करून आणला आणि हॉलमध्ये लावला. फार सुरेख आलाय. येणारा-जाणारा प्रत्येकजण वरचं आकाश बघतो, माझी नजर मात्र खाली जाते. तळाशी दगडांची रास आहे, शेजारी काटेरी झुडूप. म्हणजे तू तिथेच कुठेतरी ट्रायपॉड लावून बसली असणार. म्हणून हे पत्र.

आकाशगंगेचा गाभा दिसतो तो उन्हाळ्यातल्या रात्री, आणि तुम्ही निघता अमावास्येच्या आसपास. तुमच्या ॲरिझोनातल्या टूसॉनला उन्हाळ्यात दिवसा जमीन इतकी तापते, की रॅटलस्नेक, ते शेपटी खुळखुळवणारे विषारी साप, तेही बाहेर पडतात ते बहुतेक दिवस मावळल्यावर. तुमची वेळ आणि त्यांची वेळ एकच. ॲरिझोनात त्यांच्या १३ जाती आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच राज्यात इतक्या नाहीत. त्यात डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून तुम्ही लाल दिवा वापरता. त्या उजेडात माती, वाळकी काटकी आणि सापाची पाठ यांतलं काय ओळखू येणार? कॅमेरा लावायच्या आधी पांढऱ्या टॉर्चने ती जागा चहूबाजूंनी बघ, झुडपाच्या बुडाशी, दगडांच्या सांदीत. डोळे पुन्हा सरावायला अर्धा तास गेला तर जाऊ दे. पायात जाड बूट घाल. लेन्सचं झाकण खाली पडलं तर चाचपडू नकोस, आधी उजेड पाड.

फोनवर तू म्हणालीस, "अगं आई, तो आधी शेपटी वाजवतो." नेहमी वाजवत नाही गं. आपलं फुरसंसुद्धा खवले घासून करवतीसारखा आवाज करतं, तरी आंब्याच्या बागेत पाला गोळा करणाऱ्या बायकांना, कातळावर गवत कापणाऱ्यांना ते अवचित चावायचंच. रॅटलस्नेक पुष्कळदा मातीत मिसळून गप्प पडून राहतो. दबा धरून बसणाऱ्याला आवाज करून काय मिळणार? अंगाच्या साधारण निम्म्या लांबीपर्यंत तो झेप घेतो, तेव्हा तो दिसला तर फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नकोस. मेलेल्यालाही हात लावायचा नाही. तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं.

आता मला खरं सांगायचंय ते. पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस रुग्णालयात आला, की आम्ही दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचो. वीस मिनिटं नळीला धक्का लावायचा नाही. मग ती हळूच तिरकी करायची. रक्त ठीक असेल तर गोठलेला गोळा जागचा हलत नाही. घोणस किंवा फुरशाचं विष भिनलं असेल तर ते पातळच राहतं आणि काचेवरून ओघळतं. तसं ओघळलं की मी नातेवाइकांना विचारायची, चावून किती वेळ झाला? उत्तर बहुतेकदा तासांत यायचं. आधी भगताकडे नेलं, मग पाय सुंभाने आवळला, मग गाडी मिळेना.

तुला भगताकडे नेणारं तिथे कुणी नाही. पण शिकलेली माणसं वेगळ्या तऱ्हेने वेळ घालवतात, आणि मला धास्ती आहे ती त्याची. "चावला खरा, पण विष सोडलं नसेल, बघू थोडं थांबून." कधीकधी खरंच विष सोडलेलं नसतं, पण ते रुग्णालयात काही तास लक्ष ठेवून, रक्त तपासून ठरवायचं असतं, गाडीत बसून नव्हे. तुमच्याकडच्या मोहावी रॅटलस्नेकचं विष काही भागांत मज्जातंतूंवर जातं. सूज थोडीच, आणि पापण्या जड, श्वास जड. सूज कमी म्हणून विष कमी, असा हिशेब करू नकोस.

दुसरं, बिल. तिथे प्रतिविषाच्या, म्हणजे विष उतरवणाऱ्या औषधाच्या, एकेका बाटलीला हजारो डॉलर पडतात आणि बाटल्या बऱ्याच लागतात, हे मला ठाऊक आहे. परदेशात एकटं राहणारं आपलं पोर वेदनेतही आधी विम्याचा विचार करतं. तू करायचा नाहीस. पैशांचं बाबा आणि मी बघू.

मावशी म्हणत होती, इथून औषधाच्या दोन बाटल्या पाठव. त्याचा उपयोग नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे, रॅटलस्नेकवर ते चालत नाही. शिवाय प्रतिविष शिरेतून, डॉक्टरांच्या समोरच द्यावं लागतं. कॅम्पिंगच्या दुकानात मिळणारा विष ओढायचा पंपही घेऊ नकोस, त्याने विष निघत नाही.

अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतो, दगावतात साधारण पाच. आपल्या देशात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं जातात. या तफावतीची कारणं पुष्कळ आहेत, वेळेवर मिळालेलं औषध हे त्यातलं मोठं. पण पाच हा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नकोस. रॅटलस्नेकचं विष मांस सडवतं. जीव वाचतो आणि बोट कायमचं आखडतं. फोकसची कडी फिरवणारी बोटं आहेत ती तुझी.

चावलाच, तर आधी दूर हो आणि ९११ ला फोन लाव. अंगठी, घड्याळ, बांगडी लगेच काढ, सूज आली की ती रुततात. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही, ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन घ्यायचं नाही. सूज जिथवर आली असेल तिथे पेनने रेघ ओढून वेळ लिही. स्वतः गाडी चालवू नकोस, रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते. आणि घरी सोडल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवशी रक्ततपासणीला जायचंच. काही दिवसांनी प्लेटलेट्स पुन्हा खाली येऊ शकतात, तोवर माणसाला बरं वाटत असतं.

पुढच्या अमावास्येला निघण्याआधी एवढं कर. एकटी जाऊ नकोस. विषबाधेच्या मदतीचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर फोनमध्ये घाल. जिथे जाता तिथे रेंज नसेल तर सॅटेलाइटवरून संदेश जाणारं यंत्र कुणाकडे आहे ते विचार, नसेल तर विकत घे, पैसे मी पाठवते. सर्वांत जवळचं आणि प्रतिविष ठेवणारं रुग्णालय कुठलं ते आधी फोन करून शोध आणि त्याचं नाव मला शनिवारपर्यंत कळव.

तुझी,
आई