बऱ्या झालेल्या यंत्राचा केसपेपर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वतःची देखभाल स्वतःच करणाऱ्या संगणक यंत्रणांबद्दल हल्ली बरेच छापून येते आणि बहुतेक ठिकाणी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते, माणसांच्या नोकऱ्या जाणार का? प्रश्न रास्तच आहे. पण संगणक-सेवेच्या कामात बावीस वर्षे घालवल्यावर, त्यातली निम्मी रात्रपाळीत, मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

आधी एक प्रसंग सांगते. एका कंपनीची बिले तयार करणारी सेवा, म्हणजे सतत चालू राहणारा एक प्रोग्रॅम, आमच्या टीमकडे सांभाळायला होती. ही सेवा मेमरी घेई आणि परत सोडत नसे. आमच्या भाषेत मेमरी लीक. मेमरी भरत आली की अलर्ट वाजे, ऑन-कॉल असलेला माणूस उठे, डोळे चोळत लॅपटॉप उघडे, सेवा रिस्टार्ट करी आणि तिकिटावर, म्हणजे त्या बिघाडाच्या नोंदीवर, ‘रिस्टार्ट केले, आता ठीक’ एवढे लिहून पुन्हा आडवा होई. आठवड्यातून दोन-तीनदा हे ठरलेले. मग नवी यंत्रणा आली. सेवा गुदमरली की यंत्रणाच तिला बंद करून दुसरी प्रत उभी करू लागली. रात्रीचे फोन थांबले. महिन्याच्या अहवालात त्या सेवेपुढे तिकिटांच्या रकान्यात शून्य दिसू लागले. वरून कौतुकाची मेल आली. मीही ती मिरवली. झोप कोणाला नको असते?

सात-आठ महिन्यांनी वर्षअखेरीची बिले काढायची रात्र आली. भार वाढला आणि नवी प्रत धड उभी राहायच्या आत मरू लागली. लॉग, म्हणजे यंत्रणेची नोंदवही, उघडल्यावर कळले, एरवीच्या शांत रात्रीसुद्धा ही सेवा चाळीस-चाळीस वेळा मरून जिवंत होत होती. कोणाला पत्ताच नव्हता. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला होता तो केव्हाच दुसरीकडे गेला होता आणि आमच्यापैकी कोणालाही ती सेवा आतून आठवत नव्हती, कारण इतक्या महिन्यांत तिला कोणाचा हातच लागला नव्हता. सकाळ होईपर्यंत आम्ही आळीपाळीने तेच केले जे यंत्रणा करत होती, फक्त हळू. रिस्टार्ट, रिस्टार्ट, रिस्टार्ट. मूळ दोष सापडायला चार दिवस गेले.

आता संगणक-सेवा सांभाळण्याच्या ज्या शिस्तीला आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट म्हणतात तिची घडी कशी बसली आहे ते पाहा. १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने ‘आयटिल’ या पद्धतीची मांडणी सुरू केली. पुढे तिच्या आवृत्त्या निघत गेल्या, २०१९मध्ये चौथी आली. तिच्यातला एक भेद बाहेरच्या माणसाला निव्वळ कारकुनी वाटतो, पण साऱ्या कामाचा कणा तोच आहे. सेवा बंद पडली तर तो इन्सिडन्ट, काहीही करून ती लवकर चालू करायची. आणि ती पुन्हा पुन्हा का बंद पडते, हा प्रॉब्लेम, तो निवांत बसून मुळापर्यंत शोधायचा. प्रॉब्लेमचा माग लागतो तो इन्सिडन्टच्या तिकिटांवरून. एकाच सेवेची वीस तिकिटे साचली की कोणीतरी वैतागून विचारतेच, अरे, हे रोज काय चालले आहे? तो वैताग फार मोलाचा होता, हे मला उशिरा कळले. यंत्रणेने इन्सिडन्ट परस्पर मिटवला, तिकीट निघालेच नाही, म्हणून कोणी वैतागले नाही आणि प्रॉब्लेमकडे जाणारी वाट बुजून गेली.

स्वतःला सावरणाऱ्या यंत्रणेची ही कल्पना काही आजची नाही. ऑक्टोबर २००१मध्ये आयबीएमच्या संशोधन विभागाचे प्रमुख पॉल हॉर्न यांनी सांगितले की संगणक उद्योगापुढची खरी अडचण आता वेगाची राहिलेली नाही, गुंतागुंतीची आहे, इतकी की ती सांभाळायला माणसेच पुरणार नाहीत. उपमा त्यांनी शरीराच्या स्वायत्त मज्जासंस्थेची घेतली. हृदयाचे ठोके, घाम, डोळ्याची लहानमोठी होणारी बाहुली, सगळे आपल्या नकळत चालते, तसेच संगणकाचे चालावे. २००३मध्ये त्याच कंपनीच्या जेफ्री केफार्ट आणि डेव्हिड चेस यांनी ते नीट मांडले. यंत्रणेने स्वतःची जुळणी करावी, कार्यक्षमता वाढवावी, बिघाड दुरुस्त करावा आणि हल्ल्यापासून स्वतःला वाचवावे. त्यासाठी एक चक्र, पाहा, ताडा, ठरवा, करा, आणि मध्यभागी साऱ्याला पुरणारे ज्ञान.

उपमा चपखल होती, पण आपण ती अर्धीच उचलली. ठोके नकळत पडतात हे खरे, पण तेच शरीर ताप आणते, कळ मारते, मध्यरात्री झोपेतून उठवून बसवते. दुखणे हाही त्याच व्यवस्थेचा भाग आहे. आमच्या यंत्रणांना आपण दुरुस्ती शिकवली आणि कण्हायचे शिकवायला विसरलो.

मी विरोधात आहे असा समज नको. गुगलने २०१४मध्ये खुले केलेले कुबरनेटिस हे सेवांच्या प्रती सांभाळणारे सॉफ्टवेअर आज असंख्य ठिकाणी चालते. ‘या सेवेच्या पाच प्रती हव्यात’ एवढे सांगितले की एक पडली तर ते दुसरी उभी करते, विचारत बसत नाही. पासवर्ड बदलून देणे, भरलेली डिस्क रिकामी करणे, रात्री दोनला तोच एक आदेश टाइप करणे, ही कामे यंत्राने खुशाल न्यावीत. त्या कामांनी आमच्यातल्या कित्येकांची पाठ आणि पचन दोन्ही बिघडवले.

पण बदल इथेच थांबत नाही. चेंज मॅनेजमेंटचेच बघा. चालू यंत्रणेत काही बदलायचे तर चेंज रिक्वेस्ट भरायची. कोण करणार, का करणार, धोका काय, फसले तर मागे कसे यायचे. आठवड्याला समिती बसते, कपाळाला आठ्या घालते आणि मंजुरी देते. हा सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे, की प्रत्येक बदलामागे विचारता येईल असा एक माणूस आहे. स्वतः निर्णय घेणारी यंत्रणा एका दुपारीत शेकडो बदल करून मोकळी होते. ती फॉर्म भरणार नाही आणि भरला तरी समिती वाचणार नाही. मी दोन्ही टोके पाहिली आहेत. एका ठिकाणी यंत्राचे सगळे बदल सरसकट ‘पूर्वमंजूर’ करून टाकले, दुसरीकडे समितीच्या धाकाने यंत्रणेचे हातपाय बांधून तिला नुसती पाहत ठेवली. पहिल्यात नजर गेली, दुसऱ्यात पैसे.

माझ्या मते समितीने बदल मंजूर करणे सोडावे आणि यंत्राच्या मर्यादा मंजूर कराव्यात. तासाभरात किती रिस्टार्ट झाले की हात वर करून माणसाला उठवायचे? एका वेळी किती सर्व्हरना हात लावायचा? कशाला कधीच लावायचा नाही? फेब्रुवारी २०१७मध्ये अ‍ॅमेझॉनच्या एस३ या साठवणूक सेवेत एका कर्मचाऱ्याचा आदेश चुकला, हवे होते त्याहून जास्त सर्व्हर बाजूला निघाले आणि इंटरनेटचा मोठा भाग काही तास ठप्प झाला. त्यानंतर कंपनीने ते साधनच बदलले. सर्व्हर हळूहळूच काढायचे आणि किमान संख्येच्या खाली नेणारा आदेश मानायचाच नाही. माणसाच्या हातातल्या साधनाला जो लगाम घातला, तो स्वतःहून चालणाऱ्या साधनाला तर हवाच हवा.

लगाम नसला की काय होते याचे दोन दाखले सांगते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या एका आदेशाने अंतर्गत जाळे तुटले, तो आदेश अडवायला हवा होता त्या तपासणीच्या साधनातच दोष होता. पुढचे घाव यंत्रणेने स्वतः घातले. नावांचे पत्ते सांगणाऱ्या त्यांच्या डीएनएस सर्व्हरना डेटा सेंटर दिसेनासे झाले, तेव्हा ‘आपलेच काहीतरी बिघडले आहे’ असे समजून ते शिकवल्याप्रमाणे इंटरनेटवरून बाजूला झाले. एकेकट्या सर्व्हरसाठी हा शहाणपणा होता, सगळ्यांनी एकदम दाखवला आणि फेसबुक नकाशावरूनच पुसले गेले. दुसरा दाखला ऑक्टोबर २०२५चा, अ‍ॅमेझॉनचा. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचे पत्ते आपोआप अद्ययावत ठेवणाऱ्या यंत्रणेचे दोन कामकरी एकमेकांच्या पायात आले. एक मागे पडला होता, त्याने जुनाच आराखडा नव्यावर चढवला. दुसरा जुने आराखडे झाडून टाकत होता, त्याने हाही झाडला. पत्त्याची नोंद कोरी राहिली आणि यंत्रणा अशी अडकली की ती स्वतःला सोडवू शकेना. शेवटी माणसांनी हाताने दुरुस्त केली.

त्या ‘हाताने’वर माझे मन अडते. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३मध्येच हा पेच दाखवून ठेवला आहे. सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि रोजचा सराव सुटल्याने नेमक्या त्याच प्रसंगी तो कच्चा पडतो. त्या लिहीत होत्या कारखान्यांच्या नियंत्रण-कक्षांबद्दल. मी वाचले तेव्हा मला बिलांची ती रात्र आठवली. आमच्याकडे आता तीन महिन्यांतून एकदा, भर दिवसा, यंत्रणा मुद्दाम बंद ठेवून नव्या मुला-मुलींना सेवा हाताने उभी करायला लावतो. पहिल्या वेळी एका मुलाने विचारले, “मॅडम, हा आदेश खरंच टाइप करायचा?” करायचाच.

कराराचा मुद्दा मात्र कोणी काढत नाही. सेवा पुरवणारी कंपनी आणि ग्राहक यांच्यातला एसएलए, म्हणजे सेवेच्या दर्जाचा करार, आजही बहुधा तिकिटांवर मोजला जातो. किती आली, किती वेळात उत्तर दिले, किती वेळात मिटवली. जिथे तिकीटच निघत नाही तिथे हे मोजमाप फसवे आहे. डॅशबोर्ड हिरवागार आणि आत यंत्र धापा टाकते आहे, हे आम्ही अनुभवले. म्हणून यंत्राने आपणहून केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची मोजणी करारात यावी आणि ती बिघाडाच्या बाजूला मांडावी. पुरवठादारांना हे आवडणार नाही. शून्य तिकिटांचा आकडा विकायला फार सोपा असतो. ग्राहकाने पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी एवढेच विचारावे, गेल्या महिन्यात तुमची यंत्रणा किती वेळा स्वतःला सावरली? आकडा देता आला नाही तर काय समजायचे ते समजावे.

आमच्या टीमने एक साधा नियम लावून घेतला आहे. यंत्रणेने दुरुस्ती करावी, आम्हाला झोपू द्यावे, पण एकाच रात्री तिसऱ्यांदा रिस्टार्ट करावे लागले तर तिनेच तिकीट काढून सकाळच्या ढिगात टाकावे. त्यात काय पाहिले, काय केले आणि का केले हे लिहावे. गेल्या आठवड्यात असे एक तिकीट आले. वेळ पहाटे ३:१०. ‘काय केले’ समोर तीन ओळी, व्यवस्थित. ‘मूळ कारण’ समोर यंत्राने लिहिले होते, ‘अज्ञात’. तो एक रकाना भरायला आम्हा दोघांना दोन दिवस लागले. डेटाबेसचे उघडलेले कनेक्शन एका ठिकाणी बंद करायचे राहून गेले होते.

आपली,
रात्रपाळीतून नुकतीच सुटलेली एक वाचक